मगाच्या बुडाला दोन ओळी

परवा फोर्टातल्या एका दुकानात कॉफीच्या मगांची रांग मांडलेली दिसली. प्रत्येकावर जुन्या मुंबईचा फोटो. एक उचलला. काळबादेवीचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानांच्या पाट्या, मधोमध ट्राम आणि खाली वळणदार अक्षरांत ‘मुंबई १८९०’. ट्रामच्या टपावर विजेची तार अगदी स्वच्छ दिसत होती. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७च्या मे महिन्यात. त्याआधी, १८७४ पासून, घोडेच ट्राम ओढत होते. म्हणजे मगावरचं साल निदान सतरा वर्षांनी चुकलेलं. दुकानदाराला तार दाखवली. तो म्हणाला, “साहेब, गिऱ्हाईक साल बघत नाही, लुक बघतं.”

मी गिऱ्हाईकच होतो आणि मी साल बघितलं होतं.

मगांवर माझा राग नाही. उलट, इतिहासाचं पुस्तक कधी विकत न घेणाऱ्याच्या हातात रोज सकाळी एक जुना रस्ता येतो, ही मोठी गोष्ट आहे. नातू विचारतो, आजोबा, हे काय? आणि ३१ मार्च १९६४ला बंद झालेल्या ट्रामची गोष्ट चहाबरोबर निघते. म्हणूनच तो रस्ता खरा हवा.

मगावर फोटो येतो कसा, ते एकदा बघण्यासारखं आहे. खास कागदावर तो उलटा छापतात, लेप दिलेल्या पांढऱ्या मगाला गुंडाळतात आणि तापलेल्या प्रेसमध्ये काही मिनिटं दाबून धरतात. शाई कागद सोडून लेपात शिरते. अडचण आहे ती जागेची. मगाभोवती मिळते सुमारे वीस सेंटिमीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर उंच अशी पट्टी. जुन्या काचेच्या प्लेटा एवढ्या लांबोडक्या नव्हत्या. मग कात्री लागते. वरून आकाश जातं, त्याचं दुःख नाही. खालून जातो तो रस्ता, आणि रस्त्याबरोबर पखाल पाठीवर घेतलेला भिस्ती, हातगाडीवाला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. गॅलऱ्या आणि कमानी तेवढ्या उरतात. शहर ज्यांनी वाहिलं तेच कापले जातात.

त्यांना कॅमेऱ्यानेही एकदा गाळलेलं असतं. १८६०च्या आसपासचे फोटो ओल्या प्लेटवर काढत. भिंग काही सेकंद उघडं ठेवावं लागे. इमारत उभी राही, चालता माणूस मात्र प्लेटवर उमटत नसे, किंवा धुराच्या रेघेसारखा पुसट दिसे. तो रिकामा रस्ता बघून आपण उसासा टाकतो, “काय निवांत होती हो मुंबई!” १८६४च्या शिरगणतीत या निवांत मुंबईत आठ लाखांवर माणसं मोजली गेली होती.

काळ्या घोड्याचा मगही त्याच रांगेत होता. घोड्यावर राजा बसलेला, खाली फक्त ‘काळा घोडा’. तो पुतळा १९६५मध्ये काळा घोडा चौकातून हलवला, आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. चौकात २०१७ पासून दुसरा घोडा उभा आहे, त्यावर स्वार नाही. मग घेऊन त्या चौकात जाणाऱ्या पाहुण्याला हे कळायचं कसं?

आणि फोटो काढणाऱ्याचं नाव? त्या रांगेतल्या एकाही मगावर नव्हतं. आपल्याकडे २०१२पर्यंत फोटो प्रसिद्ध झाल्यावर साठ वर्षांनी त्याचा स्वामित्वहक्क संपत असे, आणि या जुन्या फोटोंचा तो केव्हाच संपला आहे. म्हणून हे फोटो कुणीही छापावेत, एक रुपयाही देणं लागत नाही. कायदा पैसे माफ करतो, पण म्हणून नाव गाळायची गरज नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी इथली माणसं त्या काळी कॅमेरा चालवत होती. उन्हात तिपाई रोवून, तंबूत ओली प्लेट सुकायच्या आत धुऊन काढलेलं ते काम आहे. ज्याचं नाव ठाऊक आहे त्याचं छापा. ठाऊक नसेल तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ एवढं तरी लिहा.

जागा नाही, असं कुणी सांगू नये. त्या दुकानातला प्रत्येक मग मी उलटा करून बघितला, बूड कोरंच होतं. रस्ता, साल आणि नाव, दोन ओळींत बसतात.

वाचकहो, पुढचा मग घ्याल तेव्हा काउंटरवर तीनच प्रश्न विचारा: रस्ता कुठला, साल कोणतं, फोटो कुणाचा? उत्तर मिळालं नाही, तर मग होता तिथे ठेवून द्या.