नंबर पक्का होऊ द्या

माझा चष्मा 2014 सालचा आहे. त्याच्या डाव्या दांडीचा स्क्रू लॉकडाऊनमध्ये निघून पडला. तिथं मी टेलिफोनच्या वायरीतली तांब्याची तार पिळून बसवली. मे महिन्यात अमरावतीचा पारा पंचेचाळीसला टेकला की ती तार कानशिलाला चटका देते आणि दुपारचे बारा वाजले हे घड्याळ न पाहता कळतं. घड्याळ पाहून तसंही कळलं नसतं. उजव्या काचेवर चंद्रकोरीसारखा एक ओरखडा आहे. नाकावरची एक गादी गेली, तिथं चिकटपट्टीचा तुकडा आहे, तो दर पंधरा दिवसांनी बदलवतो. बाकी चष्मा उत्तम आहे.

येत्या 31 मेला मी शासकीय सेवेतून निवृत्त होतो. माझा खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकला. ज्याची जन्मतारीख महिन्याची पहिली, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस अठ्ठावन्न पूर्ण करून घरी जातो. वऱ्हाडातल्या गुरुजींनी अशी किती लेकरं 1 जूनला जन्माला घातली, हे पाहायचं असेल तर 31 मेला कोणत्याही कार्यालयात यावं. हार कमी पडतात.

निवृत्ती जवळ आली की माणसाच्या हाती पैसा येणार हे गल्लीला आधी कळतं. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे (तीनशे दिवसांचे, रजा घेतली नसेल तर, मी घेतली नाही), फंड आणि पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग विकून मिळणारी रक्कम. हा विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो, म्हणजे माझ्या त्र्याहत्तराव्या वर्षी. तोवर डोळे राहिले तर पासबुकात दिसेल. एवढं सगळं येणार म्हटल्यावर एक चष्मा करून घ्यावा, असं कुणाही सामान्य माणसाला वाटेल. अशा सामान्य माणसांमुळेच देशात बचत होत नाही.

आमच्याकडे कोणत्याही नेत्याचा वाढदिवस आला की मोफत नेत्रतपासणी शिबिर लागतं. मी एकही शिबिर सोडलेलं नाही. रांगेत उभं राहतो, पाटीवरची अक्षरं वाचतो (दोन ओळी आता पाठ आहेत), नंबराची चिठ्ठी घेतो आणि घरी येऊन फाइलला लावतो. टॅग लावलेली, पृष्ठक्रमांक टाकलेली व्यवस्थित फाइल आहे. जवळच्या कामाचा नंबर पहिल्या चिठ्ठीत सव्वा, मग दीड, मग पावणेदोन, दोन, आणि गेल्या दिवाळीत सव्वादोन. पगारात वाढ एका जुलैला मिळाली नाही तर आम्ही अर्ज करतो. नंबराची वाढ मात्र विनाअर्ज मिळते, तरी तिचं कुणाला कौतुक नाही.

एका शिबिरातल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी मला नीट समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होतं, जवळचं पाहताना फुगायला पाहिजे ते फुगत नाही. चाळिशीत हे सुरू होतं, साठीच्या आसपास अडीचपाशी थांबतं. म्हणून तर आपण चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. मी विचारलं, "म्हणजे बाई, अजून दोनच वर्षं थांबायचं?" बाई गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी फाइलमध्ये टिपणीत नोंदवला: नंबर पक्का होईपर्यंत खर्च स्थगित.

आणि साठीला नंबर पक्का झाला तरी घाई करू नये. तोवर मोतीबिंदू सुरू झालेला असतो. मोतीबिंदू काढला, आत भिंग बसवलं की नंबर परत बदलतो. म्हणजे साठीला केलेला चष्मा वाया. डॉक्टर म्हणतात की आता मोतीबिंदू पिकायची वाट पाहायची गरज नाही. पण वरुड-मोर्शीच्या संत्र्यांच्या जिल्ह्यात हाडं झिजवलेल्या माणसाला, पिकल्याशिवाय तोडा म्हणणं म्हणजे संस्कृतीवरच घाला. आंबिया बहारालासुद्धा आम्ही थांबतो.

22 सप्टेंबर 2025 पासून नंबराच्या चष्म्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. शेजारचे दोघंजण लगेच दुकानात गेले. मी गेलो नाही. ज्या सरकारनं बाराचे पाच केले ते पाचाचं शून्यही करील. मी वाट पाहून राहिलो आहे.

मध्यंतरी मी इतवारा बाजारातल्या हातगाडीवरून दीडशे रुपयांचा तयार चष्मा आणला होता. दोन्ही काचा अधिक दोनच्या. माझे डोळे एकसारखे नाहीत, उजव्याला सिलिंडरही आहे, पण गाडीवाला दोन्ही डोळ्यांना समान न्याय देतो, हे मला पटलं. त्या चष्म्यानं पेपर वाचला की संध्याकाळी कपाळ ठणकायचं. मी पेपर बंद केला. महिन्याचे दीडशे तिथंही वाचले, म्हणजे चष्मा फुकट पडला.

लांबचं आणि जवळचं एकाच काचेत, असा दुहेरी चष्मा बेंजामिन फ्रँकलिननं करवून घेतला. 1785 सालच्या पत्रात तो लिहितो की जेवताना ताटातलं दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो, त्यामुळे फ्रेंच समजायला मदत होते. त्याला परदेशी लोकांत वावरायचं होतं, त्याची गरज मी समजू शकतो. मला ताटात काय आहे हे वासावरून कळतं, आणि साहेबांचा चेहरा पाहून त्यांचं बोलणं समजतं असा अनुभव चौतीस वर्षांत एकदाही नाही.

माझे साळे अकोल्याला असतात. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून दोन वर्षांमागं निवृत्त झाले, त्यामुळे त्यांना संशोधन वाचायची सवय लागली आहे. एकदा त्यांनी मला आसामच्या चहामळ्यातला प्रयोग सांगितला. 2018 साली छापून आलेला. चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचं पाहायचा साधा चष्मा दिला, तर ज्यांना दिला नाही त्यांच्यापेक्षा त्यांचं पानं खुडायचं काम एकवीस टक्क्यांहून जास्त वाढलं.

"भाऊजी, एवढा पैसा येऊन राहिला तुमाले, एक चष्मा नाई होत का?"

मी त्यांना शांतपणे विचारलं की शेवटच्या चार महिन्यांत माझं काम एकवीस टक्क्यांनी वाढलं, तर माझ्या जागेवर येणाऱ्यानं काय करायचं? ते उठून आत गेले. पटलं असावं.

शिवाय आमच्या जिल्ह्याला चष्म्याचं काय सांगता! लोणी टाकळीला 1881 साली जन्मलेले गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. माझीही सेवा चौतीस वर्षांचीच. ग्रंथ नाहीत, पण जावक नोंदवह्या आहेत.

आता प्लॉटचं सांगतो, कारण सौ. ते सगळ्यांना चुकीचं सांगते.

फंडातून ना-परतावा अग्रिम काढून मी शहराबाहेर एक प्लॉट पाहिला. माणूस सज्जन होता, त्यानं काही लपवलं नाही, सातबारा माझ्याच हातात दिला. मी तो उन्हात धरून, हात लांब करून, स्वतः वाचला. 'इतर अधिकार' या रकान्यात मला स्वच्छ दिसलं: बोअर, 240. त्यापुढं काही बारीक होतं, ते चंद्रकोरीखाली गेलं. सातबाऱ्यावर विहीर-बोअर याच रकान्यात नोंदवतात, हे मला नोकरीमुळे ठाऊक. दोनशे चाळीस फुटांवर पाणी! माझी सासुरवाडी खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट, डाळ शिजत नाही, हे सौ.च्या तोंडून तीस वर्षं ऐकलेलं. गोड्या पाण्याची बोअर पाहून माझे डोळे भरून आले, त्यामुळे उरलंसुरलंही दिसेनासं झालं. भावात घासाघीस केली नाही. तीन लाख इसार दिला.

पंधरा दिवसांनी साळ्यांनी तोच कागद हातात घेतला. तो शब्द 'बोअर' नव्हता, 'बोजा' होता. गावच्या सोसायटीचं कर्ज. आणि 240 च्या पुढं तीन शून्यं होती.

"तुमाले दिसत नाई, मंग हो हो काहून म्हणता?" सौ. म्हणाली.

मी म्हणालो, पाण्याची खोली म्हणून दोन लाख चाळीस हजार फूट जास्त झाले असते, तेव्हा बोजा आहे हेच बरं. व्यवहार अजून मिटला नाही. इसार परत मिळायचा तेव्हा मिळेल. पण नवी काच टाकायला दुकानदारानं चार हजार दोनशे सांगितले होते आणि ते मी दिले नव्हते. ते चार हजार दोनशे माझ्या खात्यावर आजही जसेच्या तसे आहेत, हे कुणी पाहत नाही.

शासकीय माणूस खर्च करतो तो लेखाशीर्षानुसार. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्यावर घालता येत नाही. माझ्या निवृत्तीच्या अंदाजपत्रकात निरोप समारंभाचं शीर्ष आहे: मंगल कार्यालय, पाचशे पानं, पुरणपोळी, गौरव अंक, अकोल्याच्या पाहुण्यांसाठी एक गाडी. धाकट्याच्या मोटारसायकलचं आहे. देवघराच्या संगमरवराचं आहे. डोळे या नावाचं शीर्ष नाही. ते मी उघडलंही नसतं, कारण समारंभाला येणारे पाचशे लोक माझ्याकडे पाहणार आहेत. मी त्यांच्याकडे पाहायला बसलेलो नाही.

तरी तारेचा चष्मा घालून व्यासपीठावर बसणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. म्हणून समारंभाच्या शीर्षातून मी सहा हजार आठशेची सोनेरी कडेची फ्रेम घेतली. दुकानदार म्हणाला, "नंबर द्या." मी म्हणालो, नंबर नको. फ्रेममध्ये दाखवायला प्लास्टिकची काच घातलेली असते ना, तीच राहू द्या. त्यानं दोनदा विचारलं. नंबराची काच घातली असती तर तोच चार हजार दोनशेचा खर्च परत डोळ्यांवर पडला असता, आणि लेखापरीक्षणात मी काय उत्तर दिलं असतं?

नव्या फ्रेममधून भाषण वाचता येत नाही, म्हणून ते पाठ करून राहिलो आहे. अडीच पानं झाली.

आमंत्रणं द्यायला मागच्या रविवारी स्वतः गाडी चालवत अकोल्याला गेलो. या रस्त्यावर 2022 च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटरच्या एका पदराचं डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज बुकात नाव लागलं आहे. मला तेवढंच अंतर कापायला तेवढाच वेळ लागतो, असं साळे म्हणतात. हा अन्याय आहे. मुर्तिजापूरपर्यंत उजेड होता तोवर मी नीट चाललो होतो. अंधार पडल्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या दोन दिव्यांचे चंद्रकोरीत चाळीस दिवे झाले. सौ.नं डोळे मिटून गजानन महाराजांचा जप सुरू केला. गाडीत एकाचे तरी डोळे उघडे असावेत म्हणून मी माझे उघडे ठेवले.

पेन्शनचं प्रकरण नागपूरला महालेखापालांकडे जातं. त्याला नवरा-बायकोचा जोडीचा फोटो लागतो. सोनेरी फ्रेमचा पहिला मान या फोटोला द्यायचा असं मी ठरवलं. स्टुडिओत दोघं स्टुलावर बसलो. फोटोग्राफर पोट्टा वाकून पाहून म्हणाला, "काका, चष्मा काढा, काच चमकून राहिली. साधी काच हाय का?"

चष्मा काढून खिशात ठेवला. त्यानं मान इकडे करा, तिकडे करा म्हटलं. मी आवाजाच्या दिशेनं केली.

"हे कुठं पाहून राहिले?" सौ.नं त्याला विचारलं.

"राहू द्या काकू," तो म्हणाला, "फोटोत कळत नाई."

सहा प्रती घेतल्या. फोटो चांगला आला आहे, असं सौ. म्हणते.