पाच पूर्णांक एक दशांश

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये आम्ही ५.१ होम थिएटर बसवलं. ५ म्हणजे पाच स्पीकर आणि टिंबानंतरचा १ म्हणजे सबवूफर. हा १ दशांश नव्हे, हे खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच रात्री दार वाजवून समजावलं. खर्जातला आवाज भिंतींना जुमानत नाही, मग सोसायटीच्या नियमांना काय जुमानणार!

मागचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या किंचित मागे, दोन बाजूंना हवेत. आमच्या सोफ्यामागे थेट भिंत. म्हणून एक देव्हाऱ्याशेजारी गेला, दुसरा फ्रिजवर. आता सिनेमात पाऊस लागला की अर्धा देवावर पडतो, अर्धा कालच्या आमटीवर.

टीव्ही फोर-के. म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. त्यावर आई सेट-टॉप बॉक्सच्या एसडी चॅनेलवर मालिका बघते. खलनायिकेचा चेहरा ताणून ताणून पार घावनासारखा होतो. एचडीएमआयची तार ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकातच खुपसायची असते, हे कळायला तीन रविवार गेले. रिमोट तीन. आवाज वाढवणारा कोणता, यावर घरात एकमत नाही.

परवा जिन्यात काकू भेटल्या. ‘‘हल्ली आवाज नाही तो? बिघडलं वाटतं?’’

‘‘नाही हो काकू, चिरंजीव मोबाइलवर बघतात. कानात बोंडं घालून.’’

काकूंनी वर बघून हात जोडले.