निळं भूत, जेसीबी आणि पेटीमास्तर

नारायण धारपांची ‘लुचाई’ एकट्यानं रात्री वाचू नये, एवढं आमच्या पालममधलं शेंबडं पोरही सांगेल. पण ती वाचून गणपतीत दाखवायला भुताची मालिका काढू नये, हे मला कुणीच सांगितलं नाही.

‘लुचाई’ बेतलेली स्टीफन किंगच्या 1975 च्या ‘सालेम्स लॉट’वर. त्या ‘सालेम्स लॉट’ची 1979 साली टोबी हूपरनं अमेरिकेत टीव्ही मालिका केली. आपल्याकडेही 2018 मध्ये धारपांचीच ‘ग्रहण’ झी मराठीवर आली, पल्लवी जोशींना घेऊन. म्हणजे अमेरिकेला जमलं, मुंबईला जमलं, आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आम्ही काय नुसते बघत बसणार? पुस्तकाचे हक्क मागायची ऐपत नव्हती, म्हणून धारपांकडून भीती तेवढी उसनी घेतली आणि गोष्ट घरची रचली: पडका वाडा, तिथं उतरलेला पाव्हणा, आणि एकेक करून फिकट पडत चाललेलं गाव.

भूत म्हणून किराणावाल्याचा थोरला घेतला. किंगच्या कादंबरीतला पिशाच्चांचा म्होरक्या चांगला बोलका आहे, म्हणून मीही दीड पान संस्कृतप्रचुर भाषण लिहिलं, ते त्यानं दुकानात साखर तोलता तोलता पाठ केलं, तालमीत खडाखडा म्हटलं, आणि मोबाइलचा कॅमेरा सुरू झाल्यावर समोर थरथरणारा नायक बघून त्याला अशी काही माया आली की तो म्हणाला, “कामून भेलालास रे?”

नायक म्हणाला, “न्हाई की.”

सीन संपला.

मग आठवलं, हूपरनं मालिकेत तोच म्होरक्या निळा आणि मुका करून टाकला होता. ती मी आजवर कला समजत होतो. आता वाटतं, त्याचंही भूत सोनपेठकडचं असणार. आमचंही मुकं केलं. निळ्या रंगासाठी हिनं कपड्यांची नीळ दिली. “अहो, जाईल ना धुतल्यावर?” एवढंच तिनं विचारलं, आणि मी छातीठोकपणे “जाईल” म्हणालो. गौरीचं सामान न्यायला आलेल्या बायकांना त्याच्या निळ्या हातांतून गूळ घ्यावा लागला.

हूपरच्या मालिकेत मेलेला पोरगा रात्री खिडकीबाहेर तरंगत येतो. त्याला तारांनी न टांगता क्रेनच्या दांड्यावर बसवलं होतं आणि दृश्य उलटं चित्रित केलं होतं, म्हणून तिथलं धुकंसुद्धा विचित्र वागतं. पालममध्ये क्रेन कुठली? जेसीबी मात्र हाकेच्या अंतरावर. बकेटमध्ये गादी टाकून भाच्याला बसवला, पण जेसीबी आला म्हटल्यावर निम्मं गाव बघायला लोटलं, आणि एवढी माणसं बघून भाचा आमदारासारखा हात हलवायला लागला. चित्रण उलटं फिरवल्यावर भूत हात हलवत लांब लांब गेलं आणि मागून एक म्हैस उलट्या पावली घरात शिरली. भीती वाटली ती म्हशीचीच.

राहिलं संगीत. हॅरी सुकमन या जाणत्या माणसानं हूपरला अख्खा वाद्यवृंद लावून अंगावर काटा आणणारं संगीत दिलं होतं, मी भजनी मंडळाच्या पेटीमास्तरांना म्हणालो, “मास्तर, खालचा एकच सूर धरून ठेवा, कुठंच जाऊ नका.” मास्तरांनी धरला. पण आयुष्यभर हरिपाठाची साथ केलेला माणूस, जनाबाईचं गंगाखेड शेजारी, सूर किती वेळ एका जागी बसणार? पाव्हणा वाड्याचं दार लोटतो तोवर पेटी भैरवीत शिरली, मृदंगवाल्याच्याही हाताला खाज सुटली, आणि माझं रक्तपिपासू भूत टाळांच्या गजरात पडद्यावर अवतरलं.

मांडवात पुढं बसलेल्या आज्यांनी हात जोडले. एकीनं सुनेला कापूर आणायला पिटाळलं.

कार्यक्रमानंतर शेजारच्या गावाहून एकादशीचं बोलावणं आलं, पेटीमास्तरांना. मला मंडळानं सतरंज्या झटकायला थांबवून घेतलं.