पोस्टकोडकाका

सिडनीत नोकरी लागलेला मराठी माणूस व्हिसा हातात आला की आधी आईला फोन करतो आणि मग ‘तिकडे आपलं कोण आहे?’ याच्या शोधाला लागतो. मावशीच्या नणंदेचा दीर, जुन्या मॅनेजरचा मेहुणा अशी साखळी ओढत गेलं की शेवटी एक गृहस्थ हाती लागतातच. पन्नाशी उलटलेली, अंगात ऑफिसच्या कुठल्याशा फन-रनचा टी-शर्ट, बोटात गाडीची किल्ली फिरतेय. आणि ‘राहायचं कुठं?’ हा प्रश्न तुम्ही पुरा करायच्या आत त्यांचं उत्तर सुरू झालेलं. नावं निरनिराळी असतात. आम्ही या सगळ्यांना मिळून पोस्टकोडकाका म्हणतो.

कारण काकांच्या लेखी माणूस म्हणजे चार आकडे. ‘कोण कुलकर्णी? २१५५ वाले की २०७७ वाले?’ असं ते सहज विचारतात. मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून प्रसादाचे द्रोण फिरू लागले की काका नवा चेहरा हेरतात. आडनाव, मूळ गाव आणि मग लगेच, ‘सध्या कुठं?’ समोरचा ‘कॅसल हिल’ म्हणाला तर काका ‘वा!’ म्हणतात आणि थोडे गप्प होतात. ‘ब्लॅकटाउन’ म्हणाला तर ‘होईल, होईल, सुरुवातीला सगळ्यांचं असंच असतं’ असा धीर देतात. त्याने धीर मागितलेला नसतो.

वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, पेंडल हिल आणि गिरावीन ही चार उपनगरं एकाच २१४५ मध्ये येतात. टपालखात्याला त्यांच्यात फरक दिसत नाही, काकांना दिसतो. वेस्टमीडला मोठं हॉस्पिटल, म्हणून शेजार डॉक्टरांचा. वेंटवर्थव्हिलला इडलीचं पीठ ताजं, पण पार्किंगची बोंब. गिरावीनला शाळा. पेंडल हिलबद्दल काका बोलत नाहीत. तिथं त्यांच्या साडूचं घर आहे.

काकांच्या घरी हा सल्ला कसा मिळतो ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. नवं जोडपं आलेलं असतं. तो नागपूरचा, ती नाशिकची, दोन वर्षांचा मुलगा सोफ्यावरून उड्या मारतोय. काकूंनी फ्रोझन खोबरं घालून पोहे केलेत. काका बशा बाजूला सारतात आणि टेबलावर सिडनी मांडायला घेतात.

“हे बघ, ही चहाची किटली म्हणजे पॅरामॅटा. सगळं इथून मोजायचं. ही चटणी म्हणजे हॅरिस पार्क. ही सुरी, ही टी-वन लाइन. ती इथून अशी सरळ सिटीत जाते. एक्सप्रेस मिळाली तर अर्ध्या तासात सेंट्रल. सुरी सोडायची नाही. सुरीपासून पंधरा मिनिटं चालत, त्याच्या पलीकडे घर बघायचंच नाही.”

“आणि समुद्र कुठं येतो, काका?” ती विचारते. तिने येण्याआधी बाँडाय बीचचे फोटो पाहिलेले असतात.

काका टेबलावर नजर फिरवतात. “समुद्र ना? तो तिकडे. फ्रिजच्या मागे.”

आणि ते खोटं नाही. जगात ज्याचं चित्र कॅलेंडरवर छापतात त्या बंदराच्या शहरात येऊन आपली बहुतेक मंडळी समुद्रापासून पंचवीस-तीस किलोमीटर आत राहतात. काका बाँडायला जातात ते भारतातून पाहुणे आले की. पाहुणे गेले की टॉवेल पुन्हा गॅरेजमध्ये.

टेबलावरची सिडनी समजली नाही तर काकांकडे दुसरी युक्ती असते. ते सिडनीचं पुणे करतात. “वेस्टमीड म्हणजे कोथरूड समज. हॅरिस पार्क, तुळशीबाग. कॅसल हिल, बाणेर. चॅट्सवूड, कोरेगाव पार्क. चिनी लोकांचं, पण कोरेगाव पार्क.” नागपूरकर मान डोलावतो. तो आयुष्यात एकदाच पुण्याला गेलेला असतो, परीक्षेला, आणि स्टेशनावरूनच परतलेला. त्यामुळे काकांना आधी कोथरूड समजावून सांगावं लागतं, डहाणूकर कॉलनीसकट, आणि मग त्यावरून वेस्टमीड. यात पोहे गार होतात.

मग भाडं. सिडनीत भाडं आठवड्याचं सांगतात. तरुणाने संकेतस्थळावर आकडा पाहून तो महिन्याचा समजलेला असतो आणि गेले पंधरा दिवस तो सुखात असतो. काका त्याचं सुख काढून घेतात. “आठवड्याचं, बाळा. आणि चार आठवड्यांचं भाडं बाँड म्हणून वेगळं. तो मालकाच्या खिशात जात नाही, सरकारकडे जमा होतो, एवढं समाधान. आणि एक लक्षात ठेव, रुपयांत गुणायचं नाही. गुणलंस की संपलास.” हे सांगून काका स्वतः मनातल्या मनात गुणतात आणि पाणी पितात.

शाळेचा विषय निघाला की काकांचा आवाज खाली येतो. जेम्स रूस हे नाव ते देवघरातल्या सुरात घेतात. कार्लिंगफर्डची जेम्स रूस, बॉकम हिल्स हाय, गिरावीन हाय. या सिलेक्टिव्ह शाळा. सहावीत परीक्षा द्यायची आणि लागला नंबर तर सातवीपासून तिथं. गंमत अशी की या तिन्ही शाळांना पत्त्याशी काही देणंघेणं नाही. प्रवेश परीक्षेवर मिळतो, मुलगा भिंतीला भिंत लावून राहतो की तास-दीड तासावरून येतो हे कुणी विचारत नाही. पत्ता बघतात त्या साध्या सरकारी शाळा. काकांना हे पाठ आहे. तरीही ते म्हणतात, “गिरावीनलाच घर घे. रोज त्या गेटावरून गेला की पोराला वळण लागतं.” पोरगा त्या वेळी सोफ्याच्या उशीचा कोपरा चघळत असतो.

एवढ्यात सांगलीहून व्हिडिओ कॉल येतो. नागपूरकराची आई सध्या बहिणीकडे सांगलीला. त्यांची अट एकच, स्वयंपाकघर आग्नेयेला हवं. इथं काका खुलतात, कारण हा त्यांचा स्वतंत्र संशोधनाचा प्रांत. ऑस्ट्रेलियात घराच्या जाहिरातीत ‘नॉर्थ फेसिंग’ अभिमानाने लिहितात. दक्षिण गोलार्धात सूर्य पूर्वेलाच उगवतो, पण दुपारी तो उत्तरेच्या बाजूने जातो, म्हणून उत्तरेच्या खिडकीला हिवाळ्यात ऊन. इथवर ठीक. त्यावर काकांचा सिद्धान्त असा: “वास्तू सगळी सूर्यावर आहे की नाही, वहिनी? मग सूर्य इकडे उत्तरेने फिरतो, तर अग्नीचा कोपराही इकडे सरकला. इथली आग्नेय म्हणजे ईशान्य.”

“अहो, ईशान्येला देवघर असतं!” सांगलीहून आवाज येतो.

काका क्षणभर अडखळतात. देव आणि शेगडी एकाच कोपऱ्यात येणार. “मग देवघर जरा वर करायचं,” ते म्हणतात. भाड्याच्या दोन खोल्यांत शेगडी बिल्डरने ठेवली तिथंच राहणार असते, पण चर्चा अर्धा तास चालते आणि दोन्ही खंडांना समाधान लाभतं.

उपनगर बघायला जायची काकांची पद्धतही ठरलेली. मुलीला स्थळ बघावं तसं ते बघतात: बातमी न देता, आडवारी, संध्याकाळी. सुपरमार्केटच्या ट्रॉल्या फूटपाथवर किती बेवारस पडल्या आहेत हे पहिलं मोजायचं. दोनपर्यंत चालतात. पाचच्या वर गेल्या तर त्या गल्लीत भाडेकरू जास्त, असा निष्कर्ष. मग कचऱ्याचे डबे: लाल झाकणाचा घरचा कचरा, पिवळ्याचा रिसायकलिंग, हिरव्याचा बागेतला पालापाचोळा. कचरागाडी सकाळी येऊन गेली आणि संध्याकाळी सातलाही डबे रस्त्यावरच असतील, तर काका गाडी थांबवत नाहीत. गाडीने नोकरीला जायचं असेल तर आणखी एक सूचना मिळते आणि ती सोळा आणे खरी आहे. पश्चिमेला राहणाऱ्याला सकाळी पूर्वेला जाताना ऊन डोळ्यांत, संध्याकाळी पश्चिमेला परततानाही ऊन डोळ्यांत. उन्हाळ्याचं विचारलं तर मात्र काका विषय बदलतात. समुद्राचा वारा एवढ्या आत पोचत नाही. ४ जानेवारी २०२० ला पेनरिथला पारा ४८.९ अंशांवर गेला होता. “पेनरिथ वेगळं, आपण वेगळे,” एवढंच काका म्हणतात. त्या दिवशी ते स्वतः मॉलमध्ये बसून होते.

पण या सगळ्या मोजमापांच्या तळाशी एकच मोजमाप आहे, आणि ते काका सरळ कधी बोलत नाहीत. शेजारी आपली माणसं किती? हॅरिस पार्कबद्दल त्यांना विचारा. विग्रम स्ट्रीटवर रात्री अकराला चाट मिळते, पानाचं दुकान आहे, २०२३ मध्ये आपले पंतप्रधान आले तेव्हा ‘लिटल इंडिया’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. काका छाती फुगवून हे सगळं सांगतात. मग तिथं घर घेऊ का, असं विचारलं की चेहरा आंबट. “जायला ठीक आहे रे. राहायला... फार देसी झालंय. मिक्स क्राउड हवी.” अगदी उलट, नॉर्थ शोअरचं एखादं झाडीतलं उपनगर सुचवा. “छान आहे. पण कढीपत्त्याला वीस मिनिटं गाडी काढायची?” थोडक्यात, कोथिंबीर मिळण्याइतके भारतीय आसपास हवेत आणि घराचा भाव चढण्याइतके इतर. या प्रमाणाचं उपनगर सिडनीत नाही. असतं तर काका तिथं राहिले असते.

“आपण ब्लॅकटाउनला किती वर्षं काढली ते सांगा ना त्यांना,” काकू आतून म्हणतात. काका ऐकू न आल्यासारखं करतात.

काकांच्या दुखण्याचं खरं नाव मात्र मेट्रो. राउज हिलच्या बाजूला जमिनी स्वस्त होत्या तेव्हा एका मित्राने त्यांना बरोबर घेऊन प्लॉट दाखवला होता. “तिथं घोडे चरतात,” असं म्हणून काका परत आले. मित्राने घेतला. २६ मे २०१९ ला टॅलवाँग ते चॅट्सवूड अशी बिनचालकाची मेट्रो धावू लागली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती सिटीखालून थेट सिडनमपर्यंत गेली. मित्र आता ‘२१५५ वाला’ आहे. काका त्या मेट्रोत बसतात तेव्हा सगळ्यांत पुढच्या काचेशी उभे राहतात आणि शेजारच्याला सांगतात, “मी तेव्हाच म्हणत होतो.” काय म्हणत होतो, ते सांगत नाहीत. नव्या जोडप्याला ते हल्ली नवा विमानतळ होतोय त्या बाजूला, लेपिंग्टनकडे, जमीन घ्यायला सांगतात. तिथंही अजून घोडे आहेत, आणि या वेळी काकांना ते शुभशकुन वाटतात.

आता प्रत्यक्षात काय होतं? शनिवार येतो. घर दाखवायची वेळ पंधरा मिनिटांची. दारात बूट काढून रांग, त्यात दोन नेपाळी विद्यार्थी, एक ब्राझिलियन जोडपं, एक नर्स आणि आपला नागपूरकर. एजंट टॅबलेटवर नाव लिहून घेतो. अर्जात विचारलेलं असतं: याआधी ऑस्ट्रेलियात कुठं भाड्याने राहिलात, तिथल्या एजंटचा फोन द्या. नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे या रकान्यात लिहायला काही नसतं. पासपोर्ट, ऑफर लेटर, बँकेचं स्टेटमेंट सगळं जोडूनही वेस्टमीड नाही म्हणतं, गिरावीन उत्तरच देत नाही. शेवटी होकार येतो तो लिडकंबहून.

लिडकंब काकांच्या टेबलावर नव्हतंच. खरं तर ते सुरीवर पडतं, पण पोह्यांच्या बशीखाली झाकलं गेलं होतं. कोरियन बेकऱ्या, चिनी भाजीवाले, पलीकडच्या ऑबर्नला तुर्की मशीद आणि लागूनच रूकवूड, एकोणिसाव्या शतकापासूनची अवाढव्य दफनभूमी. काकांना वर्षानुवर्षं हवी असलेली मिक्स क्राउड तिथं शिगोशीग भरलेली; फक्त त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. बातमी ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“लागूनच स्मशान म्हणजे...” काका सुरुवात करतात.

“शेजारी भांडणार तरी नाहीत,” काकू म्हणतात, आणि विषय संपतो.

मात्र रकान्यात काहीच नसताना होकार आला, त्यामागे काकांनी लिहून दिलेलं दोन पानी शिफारसपत्र होतं, हे खुद्द नागपूरकरानेच सांगितलं. पुढच्या शनिवारी आपल्या गाडीच्या टपावर डबलबेडची गादी दोरीने करकचून बांधून काकाच लिडकंबला आले. वर जुना मिक्सर, दोन पातेली आणि काकूंनी दिलेला गोडा मसाला. गादी जिन्याने वर नेताना त्यांची कंबर धरली, पण बाल्कनीत जाऊन त्यांनी आधी फोनवरचं होकायंत्र काढलं. बाल्कनी उत्तरेला. “बघ,” काका म्हणाले, “मी म्हणत होतो की नाही?”

तेव्हा सिडनीला येणार असाल तर काकांना जरूर फोन करा. नंबर कुणाकडे ना कुणाकडे असतोच. ट्रेनचं, बाँडचं आणि कचऱ्याच्या डब्यांचं सांगतील ते सगळं ऐका. शाळेचं अर्धं ऐका. लेपिंग्टनच्या जमिनीला हसून मान डोलवा. फक्त राउज हिलला भाव तेव्हा काय होता, हे रात्री नऊनंतर विचारू नका. शेवटची ट्रेन चुकेल.