स्पेशल बोटवाले आप्पा

जळगावात हे गृहस्थ महाबळला किंवा रिंग रोडला राहतात, धुळ्यात देवपुरात. भुसावळचे असतील तर रेल्वेतून निवृत्त झालेले असतात, रावेर-यावलकडचे असतील तर केळीची बाग असते, अमळनेरचे असतील तर कापडाचं दुकान. कागदावर नाव काहीही असो, गल्ली त्यांना आप्पाच म्हणते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी डायरी. डायरीत एका बाजूला उधारी आणि दुसऱ्या बाजूला टूरचा हिशेब.

शेगाव, सप्तशृंगी, ओंकारेश्वर, उज्जैन हे सगळं करून झालेलं असतं. मग एके दिवशी आप्पा जाहीर करतात, "यंदा समुद्र." समुद्रच का, याला त्यांच्याकडे कारण असतं. चाळीस वर्षं प्रत्येक निवडणुकीच्या सभेत त्यांनी ऐकलेलं असतं की तापीचं पाणी समुद्रात वाहून वाया जातं. पाडळसऱ्याचं धरण रखडलं, त्यावर मोर्चे झाले, निवेदनं झाली, आणि पाणी आपलं सुरतेकडं जातच राहिलं. तेव्हा ते वाया गेलेलं पाणी एकदा डोळ्यांनी बघून यावं, असा त्यांचा साधा विचार असतो. समुद्रावर आपला थोडाफार हिस्सा आहे, ही भावनाही त्यात असतेच.

आणि समुद्र बघायचा तर मालवणला, स्पेशल बोटीतून.

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याला तिकिटाच्या होड्या सुटतात. कुणीही यावं, तिकीट काढावं, बसावं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर पाया घातलेला हा किल्ला बघायला माणसं वर्षानुवर्षं अशीच जातात. आप्पांना ते मान्य नाही. "चार अनोळखी लोकांत मांडीला मांडी लावून कोन बसेल? आपन पूर्ण बोट करू. गर्दी नको." हे म्हणून झालं की आप्पा स्वतःच गर्दी जमवायला घेतात. दोन मुलं, सुना, जावई, नातवंडं, मेहुणा, साडू, धाकट्या मुलीचे सासरे म्हणजे व्याहीबुवा, व्याह्यांना बोलावलं म्हणून मोठ्या मुलीकडचेही व्याही, शेजारचे निवृत्त मास्तर, आणि मास्तरांना एकटं कसं न्यायचं म्हणून त्यांचे शालक. खाजगी बोटीत अनोळखी माणूस एकही नसतो, एवढाच काय तो फरक. रेटारेटी तिकिटाच्या बोटीपेक्षा जास्तच.

पहिला बेत जूनच्या पहिल्या आठवड्याचा असतो, कारण तोवर शाळांना सुट्टी असते आणि कापूस लावायला अजून पाऊस नसतो. मग पुण्याला नोकरी करणारा भाचा फोनवर सांगतो की मामा, मे संपता संपता तिकडं पर्यटकांच्या बोटी बंद होतात, त्या पावसाळा सरल्यावरच सुरू होतात. मच्छीमारांचे ट्रॉलरसुद्धा जून-जुलै असे दोन महिने कायद्यानेच धक्क्याला बांधलेले असतात. आप्पांना हे पटत नाही. पाणी भरपूर असतं तेव्हाच बोट बंद? खान्देशात तर पाणी असेल तेव्हाच बोट चालते, मेहरूणच्या तलावातसुद्धा. शेवटी बेत डिसेंबरवर जातो, आणि डिसेंबर म्हटला की भरिताची वांगी आलीच.

जळगावहून मालवण साडेसातशे किलोमीटरच्या वर आहे. मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगाव करत थेट कोकणात उतरते, हे आप्पांना माहीत असतं, पण रेल्वेत सामान नेता येत नाही असं त्यांचं मत आहे. सामान म्हणजे काय, ते टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर दिसतं. कळण्याचं पीठ, मिरचीचा ठेचा, शेव, मुरमुरे, केळीचे वेफर्स, बिबडे, दोन घड केळी, बामणोदची वांगी, आणि ताडपत्रीखाली बांधलेला पऱ्हाटीचा भारा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही गोष्ट आप्पा वाटेतल्या प्रत्येक टोलनाक्यावर कुणाला ना कुणाला सांगतात. पण वांगी गॅसवर भाजली तर ते भरीत नव्हे. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवरच भाजायची. म्हणून खान्देशातलं सरपण सह्याद्री ओलांडून समुद्राकडं निघतं. घाटात एक पोलीस हात करतो, टपाकडं बघतो, "काय आहे हे?" विचारतो. आप्पा खरं ते सांगतात. पोलिसाचा विश्वास बसत नाही, पण गुन्हाही सापडत नाही.

जेटीवर बोटीच्या दरांचा फलक असतो. डॉल्फिन इतके, संगम इतके, त्सुनामी आयलंड धरून इतके. आप्पा तो चष्मा लावून वाचतात, डायरीत उतरवतात आणि तांडेलाकडं, म्हणजे बोटवाल्याकडं, वळतात. "भाऊ, हा बोर्डाचा भाव झाला. घ्यायचा किती ते सांगा." तांडेल म्हणतो, हाच. आप्पांना हसू येतं. रावेरला केळीचे भाव रोज बोर्डावर जाहीर होतात आणि व्यापारी त्याहून कमीनेच माल उचलतो. बोर्डावरचा भाव हातात पडल्याचं आप्पांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. तो नियम मालवणला लागू का नसावा, हे त्यांना कळत नाही. अर्धा तास जातो. तांडेल एक पैसा खाली येत नाही. आप्पा शेवटी दोन डझन केळी देऊन भाव तोच ठेवतात आणि बायकोला, म्हणजे माईंना, सांगतात, "जमवलं."

खरी अडचण पुढं येते, ती माणसं मोजताना. बोट दहाची, माणसं सतरा.

"लहान पोरं मांडीवर बसतील," आप्पा म्हणतात. तांडेल मान हलवतो. त्याच्याकडं मान हलवायला कारण आहे. २४ मे २०२२ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, डझनभराहून जास्त माणसं गेली. मोटारीत एक जास्त बसला तर टायर दबतो. बोटीत जास्त बसले तर काय होतं ते किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. तेव्हा दुसरी बोट करावी लागते. स्पेशलच्या दोन स्पेशल होतात, डायरीतला आकडा खोडला जातो, आणि मास्तर व त्यांचे शालक आपोआप दुसऱ्या बोटीत जातात.

जाकीट घालायला आप्पांचा विरोध तत्त्वाचा असतो. "मी तापीत पुरात पोहेल माणूस आहे." तांडेल ऐकून घेतो आणि सांगतो, जाकीट नाही तर बोट नाही. मग आप्पा ते शर्टावर घालतात, पण बंद लावत नाहीत. बंद माई लावून देतात, न बोलता, लहान पोराच्या गुंड्या लावाव्यात तशा.

मानपानाचा प्रश्न पाण्यावरही सुटत नाही. पुढची जागा मानाची म्हणून नाळेजवळ जावईबापूंना बसवतात, शेजारी व्याही. बोट संगमाबाहेर काढली की सगळ्यात जास्त उडते ती नाळ, आणि पहिला फवारा येतो तोही तिथंच. दहा मिनिटांत जावईबापू भिजून पिवळे पडतात. उठता येत नाही, कारण तांडेल उठू देत नाही, आणि जागा बदलता येत नाही, कारण मान आहे. मागं इंजिनाजवळ, कोरड्यात, मेहुणा शेव खात बसलेला असतो.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. संगम म्हटल्यावर आप्पा उभे राहायला बघतात. चांगदेवला तापी-पूर्णा, मुडावदला तापी-पांझरा, प्रकाशाला तापी-गोमाई, असे संगम त्यांनी केलेले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी काठावर महादेव आहे. इथं नारळ कुणाला फोडायचा? तांडेल बोट दाखवतो तिकडं पॅराशूटला टांगलेला एक माणूस आकाशात तरंगत असतो. आप्पा नारळ पिशवीत परत ठेवतात. मालवणात नारळ नेऊन तो परत आणणारा माणूस खान्देशातच जन्माला येतो.

डॉल्फिन दिसतात. म्हणजे दुसऱ्या बोटीतल्यांना दिसतात.

मग तो वाळूचा दांडा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात. बेट म्हणावं तर ओहोटीला बेट, भरतीला पाणी. आप्पांना ती जागा बघताक्षणी आवडते. सपाट, मऊ, शेताच्या बांधावर असते तशी मोकळी. पऱ्हाटीचा भारा उतरतो. वारा समुद्रावरून येत असतो, काडी पेटत नाही, चार माणसं लुगड्या-टॉवेलांचा आडोसा धरून उभी राहतात. शेवटी जाळ लागतो, वांग्यांची साल करपायला लागते, वास सुटतो. बाजूच्या टपरीवर मॅगी खाणारे पुण्या-मुंबईचे लोक माना वळवून बघतात. आप्पांच्या टूरमधला हा सोन्याचा क्षण.

आणि तेवढ्यात पाणी चुलीला टेकतं.

आप्पा मागं सरकतात. पाणीही सरकतं. चूल दोन हात वर नेतात, पाणी मागोमाग येतं. ऊन कडक, आभाळात ढग नाही, आणि पाणी वाढतंय. हतनूर धरणाच्या खाली राहिलेल्या माणसाला याचा एकच अर्थ माहीत असतो. आप्पा तोंडाभोवती हात धरून तांडेलाला ओरडून विचारतात, "वरतून पाणी सोडलं का हो?"

"खयसून सोडतले? भरती इली ती!"

आप्पा क्षणभर थांबतात. पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "मंग आवर्तन किती दिवसांचं?"

"दिवसाक दोनदा येता."

हे उत्तर ऐकून आप्पा खरोखर गप्प होतात. गिरणेच्या पाण्याच्या एका आवर्तनासाठी चाळीसगाव-पाचोऱ्याकडची माणसं पाटबंधारे खात्याच्या दारात बसतात. धुळ्यात नळाला रोज पाणी येणं हेच अप्रूप, त्याची वार्ता पेपरात येते. आणि इथं दिवसातून दोनदा, कुणाच्या अर्जाशिवाय, कुणाच्या सहीशिवाय. रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतं, पण चुकत नाही. चंद्र सोडतो म्हणतात. अर्धवट भाजलेली वांगी घमेल्यात गोळा करून गुडघाभर पाण्यातून बोटीकडं येताना आप्पा एवढंच म्हणतात, "असा अधिकारी आपल्याकडं पाह्यजे होता."

राहता राहिल्या गुहा. नातवानं मोबाईलवर पोर्तुगालमधली बेनागिलची गुहा दाखवलेली असते. छताला भोक, वरून ऊन, आत वाळू. आप्पांचा हट्ट, अशी गुहा दाखवा. तांडेल निवतीसमोरच्या खोल समुद्रात दिसणाऱ्या खडकांकडं हात करतो. ते वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या अंधाऱ्या गुहांत पाकोळ्या राहतात, टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर अंधारात उडणाऱ्या. त्या आपल्या लाळेचं घरटं करतात, आणि त्या घरट्याचं सूप करून खाणारे लोक पूर्वेकडच्या देशांत आहेत. त्यासाठी इथली घरटी चोरून नेली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि वन खात्यानं ती चोरी मोडून काढली. लाळेचं घरटं ऐकून माई पदर तोंडाला लावतात. आप्पा सुवर्णनगरी जळगावचे, त्यांचा प्रश्न वेगळा. "काय भाव?" तांडेल सांगतो, भाव तुरुंगाचा.

"आन् गुहा कोरल्या कोनी?"

"लाटांनी." खडकाच्या भेगेत लाट घुसते, आत हवा दाबली जाते, लाट मागं गेली की सुटते, भेग रुंदावते. हजारो वर्षं तेच काम चालू.

"मूर्ती?"

मूर्ती नाहीत. चित्रंही नाहीत. आप्पांचा चेहरा पडतो. त्यांच्या घरापासून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे, तीस लेणी, तीही डोंगराच्या पोटात, पायऱ्या चढून आरामात बघता येणारी. तिथं ते शेवटचे गेले सातवीच्या सहलीला. चाळीसगावजवळचं पितळखोरं त्यांनी पाहिलेलंच नाही. नातू हे बोलून दाखवतो. आप्पा म्हणतात, तिथं बोट नाही.

घरी परतल्यावर टूरचं वर्णन सुरू होतं ते होळीपर्यंत चालतं. त्यात लाटा माडाएवढ्या होतात, न दिसलेले डॉल्फिन जोडीनं बोटीबरोबर पळतात, आणि तांडेल भाव उतरवतो. फक्त भरतीची गोष्ट आप्पा एक अक्षर न वाढवता सांगतात. पाणीवाटपाच्या बैठकीतसुद्धा सांगतात. अधिकारी ऐकून घेतात.

तर डिसेंबर आला की आप्पांचा फोन येईल. गाडीत एक जागा आहे, म्हणतील. जाच, पण आधी तीन गोष्टी विचारून घ्या. गाडी किती सीटची आणि आतापर्यंत किती जणांना हीच एक जागा दिली, बोट एक करणार की दोन, आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे. आणि बोटीत नाळेजवळ बसवू लागले तर आपण जावई नाही, हे ठणकावून सांगा.