झाड की गवत? दोन गुणांसाठी उत्तर द्या

चंद्रपूर-गडचिरोलीचे पोट्टे हल्ली पहाटे भरतीसाठी मैदानावर धावतात आणि दिवसभर अभ्यासिकेत इंग्रजी शब्दांमागे. रोज वीस शब्द, अर्थासह, वाक्यात उपयोगासह. उपयोगाची सोय मात्र आपल्याकडे चांगली. 'उबिक्विटस', म्हणजे पाहावे तिथे असणारी : घुग्घुसची कोळशाची धूळ. 'एफेमरल', म्हणजे क्षणभंगुर : पावसाळ्याच्या तोंडावर ओतलेले डांबर. 'ऑब्फस्केट', म्हणजे सोपे ते अवघड करून सांगणे : उदाहरणासाठी कुठल्याही कार्यालयाचे पत्र उघडा.

पण असल्या जडजंबाल शब्दांनी इथे कुणाचे काही बिघडवलेले नाही. घोळ घातला तो बालवाडीतल्या शब्दाने : 'ट्री'.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'ट्री'च्या व्याख्येत बांबूही कोंबला. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. टोपल्या-सुपे विणण्यात हयात गेलेला बुरड तर हसूनच विचारेल, "काहून बापा, एवढे शिकून राहिले न तुम्ही, मंग गवत वळखू येत नाही का?" साहेबांना ओळखू येत नव्हते असे नाही. पण गवत कुणीही कापते. झाड म्हटले की ते वनखात्याचे.

२००६ साली वनहक्क कायदा आला आणि त्याने बांबूला गौण वनोपजात बसवले. म्हणजे बेट तेच, बांबू तोच. एका कायद्यात झाड, दुसऱ्यात वनोपज. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तुमचा, असे कागद म्हणाला. विकायला निघाले तर वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी, खात्याच्या कपाटात. मालक गावात मोकळा, माल नाक्यावर आरोपी! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह गावात आले, तेव्हा टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. कायद्यातल्या 'ट्री'मधून बांबू सुटला तो २०१७ मध्ये. एका शब्दाचा अर्थ दुरुस्त व्हायला ९० वर्षे!

मेंढ्याने हे कुठल्या क्लासात गिरवले? गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावात अभ्यासगट चालत आले. तिथे फी नाही, गाइड नाही, पाठांतर तर नाहीच. कायदा समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत बसायचे आणि सर्वांची सहमती होईपर्यंत बोलायचे. पोट्टे शब्द पाठ करतात ते साहेब होण्यासाठी. मेंढ्याने अर्थ लावला तो साहेबाला उत्तर देण्यासाठी.

म्हणून आमची नम्र सूचना : शब्दसंग्रहाची परीक्षा एकदा साहेबांचीही घ्या. प्रश्न पहिला : सुरजागडच्या खाणीतले लोखंड कायद्याने 'मेजर' आणि ज्या तेंदूपानावर, बांबूवर गावाची चूल पेटते ते 'मायनर', म्हणजे गौण, हे कसे ते स्पष्ट करा. वेळ ९० वर्षे. कॉपीला मनाई नाही, मेंढ्याची वही बघितली तरी चालेल. निगेटिव्ह मार्किंग आहेच, पण साहेबांनी घाबरू नये; ते नेहमीप्रमाणे गावाच्या खात्यात जाईल.