थरथरीचा ताळेबंद

पिलाटीज हा बराचसा आडवं पडून करायचा व्यायाम आहे, असं कळल्यावर मी ताबडतोब होकार दिला. तोवर मला सुचवले गेलेले सगळे व्यायाम उभं राहून, पळून किंवा लोखंड उचलून करायचे होते आणि ते मी वेळोवेळी नम्रपणे टाळले होते. पण आडवं पडण्यात माझा हात धरणारा आमच्या सोसायटीत तरी कोणी नाही.

सुरुवातीलाच ‘हंड्रेड’ नावाचा प्रकार असतो. पाठीवर पडायचं, डोकं आणि खांदे उचलायचे, पाय अधांतरी धरायचे, हात अंगालगत ताठ ठेवून वीतभर वरखाली हलवायचे. पाच मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, पाच मोजेपर्यंत सोडायचा. अशी दहा आवर्तनं झाली की शंभर भरले. माझं पोट तिशीतच थरथरू लागतं. पन्नाशीला मान स्वेच्छानिवृत्ती मागते. साठीला शिकवणारी मुलगी डोक्याशी येऊन म्हणते, “काका, श्वास घ्या ना! रोखून काय धरताय?” श्वासाकडे बघावं तर आकडा चुकतो, आकडा धरावा तर श्वास. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मी आकडा सोडत नाही.

एवढं थरथरल्यावर कॅलरी किती जळल्या, हे विचारायचा मला हक्क होता. मुलानं दिलेल्या मनगटी घड्याळानं भरघोस आकडा दाखवला. पण घड्याळाला नाडी दिसते, ती का वाढली ते दिसत नाही. स्नायू आवळून धरले, श्वास कोंडला, की ठोके वाढतात. ऑक्सिजन मात्र त्या मानानं खर्च होत नाही. शेजारच्या मॅटवरच्या आजी आपल्यापेक्षा सहज पाय उचलतात हे बघूनही ठोके वाढतात. घड्याळ तेही जमेला धरतं. असला हिशेब आमच्या शाखेत कोणी मांडला असता तर ऑडिटरनं त्याला उभं केलं असतं.

म्हणून मी शास्त्राकडे वळलो. तिथे ‘मेट’ नावाचं माप चालतं. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ते 1 मेट. ढोबळमानानं किलोमागे तासाला 1 कॅलरी. कुठल्या कामाला किती मेट लागतात याची ‘कम्पेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’ नावाची भलीमोठी जंत्री आहे. तिच्या 2011 च्या आवृत्तीत पिलाटीजला 3 मेट दिलेत. 3 पासून मध्यम तीव्रतेचा व्यायाम सुरू होतो, म्हणजे आम्ही काठावर पास. त्याच जंत्रीत ताशी पाचेक किलोमीटर चालण्याला 3.5 आहेत आणि केर काढण्याला 3.3.

हे मी घरात मोठ्यानं वाचायला नको होतं, असं कोणीही म्हणेल. पण ही शांत होती. म्हणाली, “म्हणजे तुम्ही फी भरून जिथे जाता, त्याच्या पुढच्या वर्गात मी लग्न झाल्यापासून आहे.”

खरी गंमत पुढे आहे. माझं वजन 70 किलो. 3 मेटनं तासाला 210 कॅलरी. पण त्यातल्या 70 मी घरी पेपर वाचत बसलो असतो तरी खर्च झाल्याच असत्या! निव्वळ कमाई 140. क्लासच्या जिन्याखालच्या गाडीवर मिळणारा वडापाव अडीचशे-तीनशे कॅलरींचा. म्हणजे एक वडापाव फेडायला दोन तास थरथरायचं, आणि चटणी वेगळी.

मग एवढं दुखतं कशानं? तर दुखण्याचं आणि जळण्याचं खातं वेगळं आहे. जिना चढताना मांड्यांचे मोठे स्नायू अख्खं शरीर उचलतात, म्हणून इंधन भसाभस जातं. पिलाटीजमध्ये शरीराचा भार बऱ्याचदा जमिनीवर असतो, हालचाल सावकाश आणि मोजकी. पोटातले, कंबरेतले काही स्नायू तेवढे राबतात. ते बिचारे दमून थरथर कापतात, पण एकूण खर्चात त्यांचा वाटा किती? पगारवाढीसाठी दोनच कारकून उपोषणाला बसले तर मेसचं बिल फारसं कमी होत नाही.

जोसेफ पिलाटीज या जर्मन गृहस्थांनी तरी बारीक होण्याचं आश्वासन कुठे दिलं होतं? पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत डांबलं होतं. तिथे त्यांनी आपली पद्धत घडवली. कैद्यांच्या छावणीत वजन उतरवायची चिंता कुणाला असणार? पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी स्टुडिओ काढला, तेव्हाही सगळा भर शरीरावरच्या ताब्यावर होता. कंबरदुखीबद्दल 2015 च्या कॉक्रेन आढाव्याचा सूर असा, की जवळपास काहीच न करण्यापेक्षा पिलाटीज बरं. पण इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. अर्ज नामंजूर नाही, मंजूरही नाही. असं उत्तर मला ओळखीचं वाटलं.

परवा शिकवणारी मुलगी म्हणाली, “काका, फरक जाणवतो का?” म्हटलं, वजनात शून्य. पण पँट चढवताना हल्ली भिंत लागत नाही. ती खूश होऊन म्हणाली, “मग आता ॲडव्हान्स बॅचला या की!” मी घरी येऊन कागद काढला. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजनं 2005 साली करवून घेतलेल्या अभ्यासात 50 मिनिटांच्या प्राथमिक वर्गात सुमारे 174 कॅलरी मोजल्या होत्या, प्रगत वर्गात 254. फरक 80. वाढीव फीला 80 नं भागलं. त्या दरानं कॅलरी जाळण्यापेक्षा खालचा वडापाव न खाणं कितीतरी स्वस्त पडतं. पण इतका तीव्र व्यायाम माझ्या वयाला झेपायचा नाही.